चॅनल बदललं नाही

वलगाव, मंगळवार, संध्याकाळ

पत्रात तुमी आमाले टीव्हीचा शौक म्हणता? आमी टीव्ही कानानं पाहातो! बोंडअळीनं कपाशी खाल्ली तवापासून दादा दिवसभर टीव्हीसमोर बसते अन् चॅनल बदलत राहाते. चॅनल बदललं की सैपाकघरात आईचा जीव भांड्यात पडते. एकच आवाज लांबला की ती हाक मारते, "काय लागलं रे?"

"तुह्या कामाचं नाही," दादा म्हणते.

दुपारी मीच खेकसलो त्याच्यावर, "बंद कर, मले लिहू दे." तो नुसता पाहात राहिला. काहून पाहिलं असन तसं?

आई आता शेजारी गेली. अर्धा तास झाला, चॅनल बदललं नाही. दोनदा हाक मारली, ओ नाही. झोपला असन. फवारणीचं औषध माळ्यावरच हाय ना?

अजूनही तेच चॅनल. चाललो मी पाहाले.