मागच्या बाकांची वही

प्रिय खडू,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे आणि तुझे बाबाही. काल त्यांनी चष्मा शोधताना फ्रीज उघडून पाहिला, म्हणजे घरात सगळं नेहमीसारखंच आहे. फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "आई, एक मिनिट थांब" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. शिवाय हे बोलताना मला रडू फुटेल, आणि ते मला नको आहे.

सोमवारी पहिला तास संपवून मी हाताचा खडू धूत होते, तेवढ्यात शिपाईमामा धापा टाकत वर आले. प्राचार्यांनी ताबडतोब बोलावलं होतं. मला वाटलं, पुन्हा त्या गळक्या छताचं काहीतरी असेल. सरकारी कॉलेजांच्या नव्या कायद्याची छापील प्रत प्राचार्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि शेवटून तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. ज्या विभागांत शेवटच्या वर्षाला सलग तीन वर्षं दहापेक्षा कमी विद्यार्थी आहेत, ते विभाग बंद. खाली त्यांची यादी. एक्केचाळिसावी ओळ आमची: भूशास्त्र, विद्यार्थी चार. अगं, जमीन कशी सरकते हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतेय, पण स्वतःच्या पायाखालची सरकली तेव्हा मला खुर्ची शोधावी लागली. त्यांनी दिलेला पाण्याचा पेला हातातच राहिला. अहो, पण हे असं कसं, एवढंच मी कसंबसं विचारलं. त्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, आकडा तुम्हीच दिलाय. खाली सहीसुद्धा तुमचीच आहे."

सही माझीच होती. झोकदार, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली.

वर आले तर शिपाईमामा कपाटाचे खण उघडून दगड पुसत बसले होते. बावीस वर्षं दर सोमवारी ते हेच करतात. मी सांगितल्यावर त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग एवढे दगड कुठे नेणार? पुन्हा डोंगरावर ठेवून यायचे का?" मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी रडले. अख्खं कॉलेज मला दगडबाई म्हणतं, पण त्या दिवशी दगडबाईनं ओढणीला नाक पुसलं, ते मामांनी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता त्या चारचं. तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी मला एकदा सलग लिहू दे. आमचे जुने सर होते तेव्हा जवळच्या दवाखान्यातली एक नर्स ड्यूटी संपली की तासाला येऊन बसायची. तिला परीक्षा द्यायची नव्हती की पदवी नको होती. वडिलांनी तीनदा विहीर खणली तरी पाणी का लागत नाही, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. एक दिवस तपासणीवाले आले. हजेरीपटावर नाव नाही म्हणून तिला भर वर्गातून उठवलं. तिची वही बाकावरच राहिली. सरांना मेमो मिळाला. दुसऱ्या दिवसापासून सरांनी नवी रीत पाडली. सरकारी फॉर्मवर फक्त हजेरीपटावरची नावं लिहायची. बाकी जो कोणी शिकायला येईल, त्यानं मागच्या दोन बाकांवर बसायचं आणि एका वेगळ्या वहीत तारीख घालून स्वतःच्या हातानं सही करायची. आलेल्या माणसाचं येणं कुठेतरी लिहिलेलं राहिलं पाहिजे, असं ते म्हणायचे. निवृत्त होताना त्यांनी कपाटाच्या किल्लीबरोबर ती वही माझ्या हातात दिली.

आता मागचे बाक दोनाचे पाच झालेत. बोअर मारणारे दोघे भाऊ येतात, बुटांना चिखल घेऊन. एक गवंडी येतो, तो माझ्यापेक्षा चांगला दगड ओळखतो आणि मला ते मुळीच आवडत नाही. निवृत्त पोस्टमास्तर येतात, झोपतात, पण अचूक प्रश्नाला जागे होतात. कॉमर्सच्या मुली येतात. हजेरीपटावरचे चार धरून काल सव्वीस डोकी होती. आणि वर्गात बसणारे एकूण किती, असं विचारणारा फॉर्म आला की मी लिहिते चार. अठरा वर्षं कधी चार, कधी पाच, फार तर सहा. कुणी विचारलं की मेंदूला तसदी न देता तोंडातून चारच बाहेर पडतं.

तुझ्यासमोरही तेच पडलं, खडू.

गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा आपण ओट्याशी मटार सोलत होतो. कायदा खात्यात तू मसुदे लिहितेस हे मला माहीत होतं, कॉलेजांच्या कायद्याचं काम तुझ्याकडे आहे हेही तू सांगितलं होतंस, आणि त्यातलं एक अक्षर घरी बोलता येत नाही हेही. तरी तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, की आई, तुझ्या विभागात मुलं किती गं? मी म्हटलं, चार. तू म्हणालीस, नक्की? मागचे बाक धरून? मी म्हटलं, चार म्हणजे चार, मागच्या बाकांवर आता कुणी बसत नाही. तू तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी खेकसले, की तू जेवायला आलीयेस की तपासणीला? तू सोललेले दाणे टरफलांत टाकलेस. मी त्यावरूनही तुला बोलले.

देवाशपथ सांगते, मला तुझ्यापासून काही लपवायचं नव्हतं. मला वाटलं, पोरगी आता सरकारी माणूस आहे, तिला आपल्या भानगडीत कशाला गोवायचं? तिला माहीतच नसलेलं बरं. तुला सांभाळायला गेले आणि विभाग घालवून बसले. हा मूर्खपणा दुसऱ्या कुणी केला असता, तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवून तासभर झापलं असतं.

मंगळवारी मी रजा टाकली आणि तो कायदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बाबा म्हणाले, आता वाचून काय उपयोग? पण बंद करणारी यादी मला मिळाली होती, तर ती कुठल्या कलमाखाली आली ते तरी कळायला हवं होतं. तुझी भाषा फार रुक्ष आहे बाई! दोनदा डुलकी लागली. आणि मग आलं एकोणिसावं कलम. यादीतल्या विभागाला साठ दिवसांत हरकत घेता येईल. हजेरीपटावर नाव नसलं तरी प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्यांची संख्या धरता येईल. त्यासाठी उपस्थितांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, तारखेसह सही केलेली मूळ वही हजर करावी, आणि ती पहिल्या नोंदीपासून सलग असावी, एकही पान काढलेलं नसावं.

मी ते कलम चार वेळा वाचलं. बाबांनी विचारलं, काय झालं, तर मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. या राज्यात दुसऱ्या कुठल्या कॉलेजात अशी वही असेल, खडू? मी तुला दोनदा खोटं सांगितलं, आणि त्यावर विश्वास न ठेवता तू माझ्यासाठी कायद्यात दार ठेवलंस. त्या मटारच्या दिवसानंतर दोन महिने तुझा फोन नाही, म्हणून मी तुझ्यावर रागावून बसले होते. बाबांपाशी तुला काय काय बोलले, ते आता लिहवत नाही.

वही हजर केली की अठरा वर्षांचे माझे सगळे फॉर्म खोटे ठरतील. चौकशी होईल. होऊ दे. माझी दोनच वर्षं राहिलीत, आणि त्या सव्वीस जणांसमोर मी मान वर करून उभी राहू शकेन. त्याची मला भीती नाही.

भीती वेगळीच आहे. बुधवारी मी कपाटातून वही काढली आणि पहिलं पान उघडलं. त्या नर्सला उठवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे, आणि पहिली सही तुझी आहे. तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस, समोरच्या लॉ कॉलेजातून तास बुडवून आली होतीस, आणि सर रागावतील म्हणून सहीपुढे कंसात "फक्त आजच्या दिवस" असं लिहिलं होतंस. त्यापुढे तुझ्या एकशे बारा सह्या आहेत. मी मोजल्या. कलमाला सलग वही हवी, म्हणजे ते पान काढता येणार नाही. आणि ते पान चौकशीवाल्यांनी पाहिलं की हे कलम कुणी, कुणासाठी लिहिलं, हे त्यांना विचारावंही लागणार नाही. एकही पान काढलेलं नसावं, हे तुझ्याच हातानं लिहिताना तुला ती सही आठवली नसेल, असं मला कुणी सांगू नये. म्हणून हे पत्र. तुला न विचारता मी ती वही कुणाच्याही हातात देणार नाही. तुझी नोकरी जाणार असेल तर विभाग गेला तरी चालेल, मी एका शब्दानं बोलणार नाही, आणि हे मी तोंडदेखलं लिहीत नाहीये. उत्तर लिहू नकोस, फोनही करू नकोस, त्या वहीबाहेर तुझ्या हातचं काही कागदावर नको. वही द्यायची असेल तर येत्या मंगळवारी दुपारी दोनच्या तासाला ये. खिडकीकडचा मागचा बाक मी रिकामा ठेवते. आत आलीस की बसायच्या आधी सही कर.

तुझीच,
दगडबाई आई