नातीची फाईल

३ मार्च

लिही गं! मी सांगते, तू लिही. दवाखान्यातल्या ताई नातीला म्हणाल्या होत्या, रोज थोडं लिहीत जा. तिला स्वतःचं काही लिहवत नाही, म्हणून माझं लिहिते. मी अक्षरशत्रू, मला लेखनिक मिळाली — थाट आहे!

हिचा आजार... नाव माझ्या जिभेवर बसत नाही, तूच लिही. स्किझोफ्रेनिया. नसलेली माणसं हिच्या कानात बोलतात. दोन वर्षं ताई दर गुरुवारी घरी यायच्या. आज फाईल बंद झाली, आता ताई यायच्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, छान सुधारलीय. आता तीन महिन्यांनी मोठ्या ओपीडीत दाखवा."

सुधारणार नाही तर काय! दर तपासणीला मी हिची वेणी घालायचे, बजावायचे — हसायचं, 'सगळं छान' म्हणायचं. घरातलं चारचौघांत उघडं करायचं नसतं.

९ मार्च

गुरुवार. ही सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली. "ताई येतील."
"अगं, तू पास झालीस! पास झालेल्याला कोण शिकवायला येतं?"
हसली नाही.

१७ मार्च

मोरीत गोळ्या सापडल्या. सहा! थुंकते.
"आजी, यात कुणीतरी काहीतरी घातलंय."
"मी खाऊन दाखवू?"
"तूही त्यांच्यातलीच."
इथे हिचा हात थांबला. लिही, बाळ. मला राग नाही.

१८ मार्च

जेवली नाही. मीही नाही.

२१ मार्च

लेकाने दवाखान्यात फोन लावला. ताईंना पाठवा म्हणाला. तर म्हणतात, कागदावर ती बरी आहे, तिची गुरुवारची वेळ दुसऱ्या पोरीला दिली. कागद! मला वाचता न येणारा कागद माझ्याच उरावर बसला.

लेक माझ्यावर ओरडला, "आई, तूच सांगायचीस ना, सगळं छान म्हणून?"

मी अठ्ठ्याहत्तरची. माझे किती दिवस राहिलेत? माझ्यामागे हिला गोळी कोण देईल, 'तू त्यांच्यातली' हे कोण ऐकून घेईल? देवा, हिच्याआधी मला नेऊ नकोस — काय मागतेय मी, थोबाड फुटो माझं!

हे लिहू नकोस.

लिहिलंस? बरं.

२६ मार्च

आजचं अक्षर वेगळं आहे. काल हिला दाखल केलं, वॉर्डातल्या सिस्टर लिहिताहेत. नात भिंतीकडे तोंड करून पडलीय.

सिस्टरनी विचारलं, "मधली दोन वर्षं हिच्या कानातले आवाज बंद होते ना, आजी?"

लिहा, सिस्टर. एक दिवसही बंद नव्हते. मला ठाऊक होतं. ही डॉक्टरीणबाईंना सांगायला निघायची, मी खालून चिमटा काढायचे.