औषधांच्या अलार्मपुरता फोन

३ फेब्रुवारी
सुटले! आमच्या दोन्ही मोबाइल लायनींचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. आता नवे फोन. आजवर दर वेळी तेच – नवा जयेशला, त्याचा जुना मला आणि माझा उतरलेला डोंबिवलीला, त्याच्या बहिणीला, अरुणाला. बहारीनमध्ये आठ वर्षं झाली, पण नव्या फोनवरचं प्लॅस्टिक मी एकदाही माझ्या हाताने सोललेलं नाही. या खेपेला माझ्या लायनीवरही नवा घेणार. जांभळा. जयेश "बघू" म्हणाला. त्याने बघत बसावं, माझं ठरलंय.

५ फेब्रुवारी
अरुणाचा फोन. पाठ धरली म्हणे. सासूबाईंना कुशीवर वळवायला दुसरं कुणी नाही. दर आठवड्याला तीच रड! अडतिशी उलटली, लग्न नाही, तिला दुसरं काम तरी काय? मी विषय बदलला. म्हटलं, माझा फोन पाठवते तुला.
"वहिनी, त्याच्या स्क्रीनवर हिरवी रेघ आहे ना?"
काय हा आगाऊपणा! मी म्हणाले, "आईंच्या औषधांचे अलार्म लावण्यापुरता पुरेल. तुला कोण फोन करतंय?"
तिने फोनच ठेवला. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी
जांभळाच.

८ फेब्रुवारी
जयेशची अदलियात मीटिंग होती, म्हणून एकटीच दुकानात गेले. काउंटरवर तो महाडचा नजीब. माझं आयडी कार्ड मशीनमध्ये घातलं आणि चाचरत म्हणाला, "ताई, तुमचा विझा बावीस तारखेला संपतोय. तो रिन्यू झाल्याबिगर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट नाय होत."
मी सांगितलं, ते माझ्या नवऱ्याची कंपनी करते, तू फोन काढ.
"साहेबांचं झालं की. काल येऊन नवा फोन घेऊन गेले. त्यांचा विझा आहे ना दोन वर्षांचा."
काल! मला एका शब्दाने बोलला नाही. सगळा राग नजीबवर काढला. दुकानभर लोक असताना त्याला अडाणी म्हणाले, नोकरी घालवीन म्हणाले. तो मान खाली घालून पुन्हा पुन्हा माझा नंबर टाइप करत राहिला. दर वेळी तीच बावीस तारीख आली.
घरी येऊन जयेशला विचारलं. "ऑफिसात तुझी फाईल मागे पडली असेल. होईल इंशाल्ला," म्हणाला आणि जेवायला बसला. नको असलेल्या कामाला तो नेहमी इंशाल्ला म्हणतो. पण हे तसं नसणार.

११ फेब्रुवारी
सकाळी अरुणाचा मेसेज. "वहिनी, जुना फोन कुणाबरोबर पाठवू नका, इकडे राहायला येताना घेऊन या. एक तारखेपासून मी नाशिकला नोकरीवर. दादाने सांगितलंच असेल. आईच्या औषधांचे अलार्म लावण्यापुरता पुरेल तुम्हाला."