तिसरा सिलिंडर आणि हिरवं पाकीट

शीलुओ, पुलाच्या अलीकडचं घर (पत्ता आठवत असेल अशी आशा आहे)
२४ मार्च

थोरले बंधू वेन-पिन यांना धाकट्या यू-छुआनचा वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी की बॉनेटखाली वाकून वाकून पाठ आता सरळच होत नाही. आदराचा भाग यात किती, ते तुझं तू ठरव.)

तुझी तब्येत बरी असावी. वहिनींची कंबर, पोरीची परीक्षा, तुमच्या शिंचूचा तो माणूस उडवणारा वारा, सगळं आटोक्यात असावं. आई उत्तम आहे. माझ्यापेक्षा तर फारच उत्तम, कारण माझं डोकं गेले अकरा दिवस ठिकाणावर नाही आणि त्याला कारण तू आहेस. हे शेवटी सांगण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं. (फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. नववर्षाच्या जेवणावरून तू उठून गेलास तो घरच्या ग्रुपमधूनही गेलास, आणि माझा फोन तर तू उचलतच नाहीस. पोस्टमनला मात्र अजून कुणी ब्लॉक करू शकत नाही.)

त्या जेवणात काय झालं ते तू सोयीने विसरला असशील म्हणून लिहितो. तू म्हणालास, बाबांची गाडी बावीस वर्षांची झाली, आता ती भंगारात घाला, छिंगमिंगला, थडगी झाडायच्या सणाला, मी माझ्या नव्या विजेच्या गाडीतून सगळ्यांना डोंगरावर बाबांच्या थडग्यापाशी नेतो. मी म्हणालो, ज्या गाडीतून बाबा चाळीस मिनिटांचा चढ चढून आजोबांचं थडगं झाडायला जायचे, त्याच गाडीतून आपण बाबांचं झाडायला जाणार. मग तू मला हट्टी म्हणालास, मी तुला बढाईखोर म्हणालो, पुढचं शेजाऱ्यांना विचार, त्यांना पाठ आहे. आई तेवढ्यात माशाची शेपटाकडची बाजू संपवत होती. काटे बाजूला काढून ती शांतपणे म्हणाली, "ज्या गाडीच्या दाराला धरायला मूठ नाही, तिच्यात मी बसायची नाही. ह्यांच्या गाडीतून न्यायचं तर न्या, नाहीतर मी घरी बसते. तुम्ही दोघंच जा आणि तिथे वर जाऊन भांडा." आणि दादा, आई एक्क्याऐंशीची आहे. बाबांना जाऊन या छिंगमिंगला तीन वर्षं होतील आणि ती एकदाही चुकलेली नाही. यंदा ती गेली नाही तर ते तुझ्यामाझ्यामुळे असेल, आणि तसं मला चालणार नाही.

आणि नेमकी याच वर्षी गाडी मिसिंग करायला लागली. सपाटीवर गरीब गाय. बाजारात जाते, देवळात जाते, भाजीच्या ट्रकांना वाट देते. पण डोंगराच्या वाटेवर गुकेंगचा पहिला चढ लागला, की इंजिनाला खोकल्याची उबळ येते, पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी उचक्या दिल्यासारखी झटके खाते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून आपल्या खानदानाचा उद्धार करतात. पहिला संशय तुझ्यावरच आला. नववर्षाच्या आदल्या दिवशी वहिनींना स्टेशनवरून आणायला तू गाडी नेली होतीस आणि वाटेत पेट्रोल भरलं होतंस. म्हटलं, या शहाण्याने भलतंच काहीतरी भरलं. सगळी टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल घातलं आणि डोंगर गाठला. गाडी पुन्हा खोकली. (म्हणून त्या बाबतीत तू निर्दोष. हुरळून जाऊ नकोस, पुढे वाच.)

मग पेंग मिस्त्रीकडे गेलो. तोच तो, देवळामागचा, गालात सुपारी धरून बोलणारा, म्हणजे न बोलणारा. त्याची पद्धत तुला माहीत आहे. आधी चहा. इवल्या पेल्यांतून तीन वेळा चहा झाल्याशिवाय तो पान्ह्याला हात लावत नाही. छिंगमिंग तोंडावर आलेली, आणि हा माणूस पेले धुतोय, पहिलं पाणी ओतून देतोय, पानं कुठल्या डोंगरावरची ते मलाच विचारतोय! मी तावातावाने सगळी हकिकत सांगितली. तो गाडी घेऊन एक फेरी मारून आला आणि म्हणाला, काही झालेलं नाही. अर्थात काही होणारच नव्हतं. पेंगच्या गल्लीत चढ कुठाय?

तरी त्याने यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं, चारांतला तिसरा सिलिंडर अधूनमधून पेटत नाही. मी म्हटलं, झालं तर मग, बदल तिसऱ्याचा प्लग. बदलला. डोंगरावर जाऊन आलो. तिसराच. मग त्याने पहिल्याची कॉईल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची पहिल्याला लावली. (हे मला आवडलं. दोष कॉईलमध्ये असेल तर तो कॉईलबरोबर पहिल्याकडे जाईल, नसेल तर तिथेच राहील. एकोणतीस वर्षं मी शाळेत हेच शिकवतोय, एका वेळी एकच गोष्ट बदला.) डोंगर. तिसराच. मग इंजेक्टरची अदलाबदल. डोंगर. तिसराच. मग त्याने दाब मोजला, तो चारही सिलिंडरांत सारखा निघाला. आठ दिवसांत सहा वेळा मी तो चढ चढलो, कॉफीच्या टपरीवाली आता मला नावाने हाक मारते. आणि प्रत्येक खेपेला आई मागच्या सीटवर. तिचं म्हणणं, मी असले की गाडी ऐकते. गाडीने एकदाही ऐकलं नाही, पण आईने सहाही वेळा संत्री खाल्ली आणि सालं माझ्या कोटाच्या खिशात घातली.

सातव्या खेपेला पेंग स्वतः आला. भर चढावर गाडी थांबवायला लावली, चाकांमागे विटा लावल्या, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, ब्रेक दाबून ठेव, क्लच अर्धा सोड, गॅस दे. मी दिला. तर दादा, जोर लागला की ते इंजिन आपल्या जागेवर एका बाजूला कलतं, हे मला या वयात कळलं. ते कललं की लगेच टक, टक, टक असा आवाज, आणि तिसरा सिलिंडर बंद. पेंगने हात वर केला, मी इंजिन बंद केलं. त्याने वरचं प्लास्टिकचं झाकण काढून हात आत घातला आणि बाहेर काढलं ते उंदराचं घरटं. थोडा पेंढा, थोडा कापूस, आणि बाकी सगळे हिरवे चकचकीत कपटे. तिसऱ्या कॉईलकडे जाणारी वायर कुरतडलेली, तांबं उघडं पडलेलं. इंजिन कललं की ते शेजारच्या पट्टीला टेकायचं, सरळ झालं की सुटायचं. म्हणून सपाटीवर गाय आणि चढावर हा तमाशा. उंदीर उडी मारून झुडपात पळाला. आईच्या मते तो चांगला गुटगुटीत होता.

गुटगुटीत होणारच! बॅटरीमागच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने डकवलेला पाकिटाचा उरलेला तुकडा सापडला. मक्याच्या पोंग्यांचं हिरवं पाकीट. आता सांग, आपल्या घरात यंत्रावर पोंग्यांची पाकिटं कोण ठेवतं? तुम्ही कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातले लोक! पोटभर शिकलेली माणसं, अंगभर पांढरे झगे घालून फिरता, आणि यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर पोंगे ठेवता. पाकीट हिरवंच हवं, पिवळं चालत नाही, फोडलेलं चालत नाही, आणि मुदत संपलेलं तर अजिबात नाही, नाहीतर यंत्र रुसतं. हे सगळं तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. आणि त्या तुकड्यावर तारीख काय, माहीत आहे? मुदत संपून सव्वादोन वर्षं झालेली! अरे, अंधश्रद्धा पाळायची तर ती तरी धड पाळ. माझ्या पाठीमागे गाडीत खाऊ ठेवलास, उंदराला आवतण दिलंस, आईची छिंगमिंग बुडवायला निघालास, आणि वर गाडी म्हातारी झाली म्हणून बोंब मारलीस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला तुझा इतका राग आलाय की हा कागद तिसऱ्यांदा फाटलाय.

असो. पेंगने वायर बदलली. इंजिन आता चारही पायांवर उभं आहे. तू नाही आलास तरी आमचं काही अडत नाही. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
यू-छुआन

ता. क. लिफाफा चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं. शेंगदाण्याचं कूट करता करता तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली की ते पाकीट तुझं नाही, बाबांचं आहे. तुमच्या कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं त्या वर्षी बाबांनी तिथे ते यंत्रावर पाहिलं, आणि तेव्हापासून दर नववर्षाला गुपचूप नवं पाकीट ठेवत आले. मी हसेन म्हणून बॅटरीमागे लपवायचे. आईने विचारलं तेव्हा म्हणाले होते, "माझा पोरगा एवढ्या मोठ्या यंत्रांवर काम करतो. तो ठेवतो म्हणजे त्यात काहीतरी असणार." हे तुझ्या तोंडावर ते कधी बोलले नाहीत, मला ठाऊक आहे. ते गेल्यावर पाकीट बदलायला कुणी उरलं नाही. सव्वादोन वर्षं मागे मोजून पोंग्यांच्या मुदतीचं अजून एक वर्ष मागे जायचं होतं फक्त, तेव्हा बाबा होते. मी गणिताचा मास्तर, मला एवढी वजाबाकी जमायला हवी होती. वरचा मजकूर मी खोडत नाही. शाईने लिहिलाय, आणि मूळ चोर तरीही तूच आहेस.

दुसरा ता. क. वायर बदलल्यावर मी पुन्हा चढावर गेलो. दिवा लागला नाही, खोकला नाही, पण झटके थोडे राहिलेच. पेंगने शेजारी बसून पाहिलं, सुपारी थुंकली आणि म्हणाला, "उरलेले झटके गाडीचे नाहीत, तुझ्या पायाचे आहेत." आयुष्यभर मी बिनगिअरची गाडी चालवली, बाबांच्या क्लचवर हात (म्हणजे पाय) बसलाय तो फक्त तुझा. चार एप्रिलला रात्रीपर्यंत ये. पाच तारखेला, छिंगमिंगच्या पहाटे, निघायचं आहे. आई मागे बसेल, मी पुढे तुझ्या शेजारी बसेन आणि वर पोचेपर्यंत तोंड उघडणार नाही.

तिसरा ता. क. येताना एक हिरवं पाकीट घेऊन ये. आई म्हणते, ते तूच आणायला हवंस. दुकानात अगदी मागे हात घालून बघ, सगळ्यात लांबच्या तारखेचं आण. पाकिटाला उंदराचं तोंड लागू नये म्हणून मी पत्र्याचा डबा आणून ठेवलाय. झाकण घट्ट बसतं.