उथळ आणि वरवरचं

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधल्या शाळेत मास्तर आहे. हसू नका. बारावी नापासालाही हंगामापुरतं पोरं सांभाळायला ठेवतात. आधी टेम्पोवर होतो, मग मोबाईलच्या दुकानात, मग राजूरला एका खानावळीत. तिथल्या भाताचा वास काय सांगू सर, पण ते राहू द्या. सांगायचं हे की दोन महिन्यांवर कुठंच टिकलो नाही. इथूनही उद्या निघणार होतो, पोरांनाही तसं सांगून झालं होतं.

काल सातवीतली एक मुलगी पुस्तक घेऊन आली, आपल्या जामखेडकडचीच. "सर, शॅलो आन् सुपरफिशियल, दोन्हीला उथळच लिव्हलंय. फरक काय?" मी म्हटलं, एकच गं. "मग दोन शब्द कशाला काढले? रिकामटेकडे हुते व्हय?" पोरं खिदळली. मीही हसलो, पण लागलंच, कारण हे तुम्ही मला आमच्याच रानात शिकवलं होतं.

मी आठवीत, ज्वारीची पेरणी. पावसाची एक सर पडून गेलेली, आमच्या आबांनी घाईनं पाभर जुंपलेली. तुम्ही शाळेला निघालेले, सायकल बांधाला टेकवता, चपला काढून रानात येता आणि बोटांनी माती उकरता. वर ओली काळीशार, चार बोटं खाली नुसता फुफाटा. "आबा, थांबा, ओल वरवरची हाय." आबा ऐकत नाहीत. निम्मं रान उगवलंच नाही, ते पुढचं. तेव्हा तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "ही सुपरफिशियल. भिजल्यासारखी दिसते, आत काही पोचलेलं नसतं. तुमची विहीर शॅलो. ती फसवत नाही, आहे तेवढीच दिसते, अन् खणली तर खोल होते." मग, "तू त्या विहिरीसारखा हायस. पण खणायला एका जागी उभं राहावं लागतं." मला तो टोमणाच वाटला. आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही.

आज पोरांना शेजारच्या रानात नेलं, नुकतं पाणी फिरलेलं होतं. उकरा म्हटलं. त्या मुलीनं उकरत कोपरापर्यंत हात घातला, खालची कोरडी माती मुठीत काढली आणि म्हणाली, "म्हंजी आमचा मुकादम सुपरफिशियल. वरून लई गोड." बांधापलीकडं तिचे वडील उसाची मोळी बांधताना ऐकत होते आणि हसत होते.

परत येताना तिनं विचारलं, "आन् कर्सरी? त्यालाबी वरवरचंच लिव्हलंय." म्हटलं, उद्या सांगतो. "उद्या तुमी हाय का पर?" "हाय."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, वहीतच राहील. पण तुम्हाला म्हणून सांगतो सर, कर्सरी मला अजून येत नाही.