अण्णाचे पितळ, एकोजीची चांदी

मी, तुळजाजीराव, कै. संताजीराव यांचा थोरला मुलगा, वय ७६, मूळचा तंजावरचा, हल्ली राहणार वेलचेरी, चेन्नई. डोके ठिकाणावर आहे, मन मात्र सवयीप्रमाणे मागे रेंगाळते. कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक चिरंजीव श्रीवत्स याला. गेल्या पावसात तळमजल्यात पाणी शिरले तेव्हा त्याने टीव्ही उचलला, मी माझ्या वडिलांचे, अप्पांचे, कॉर्नेट हे वाद्य उचलले. "अप्पा, त्या मुक्या पितळेला घेऊन कुठे निघालात?" म्हणाला. मी रागावलो नाही. त्याने त्याचा आवाज कधी ऐकलाच नाही.

२. माझी शाळेतली कवितांची पुस्तके नात अनन्या हिला. तिला मराठी अक्षर येत नाही, चित्रे तरी पाहील. त्या कवितांत शिंगे-कर्णे नेहमी विजयाचेच वाजत. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या वाद्यावर कोणी लिहिले नाही. मी प्रयत्न केला, यमक जुळेना.

३. आता कॉर्नेट. ट्रम्पेटचे हे आखूड भावंड आजोबांनी तंजावरात बँडमध्ये वाजवले. अप्पा सकाळी त्यावर इंग्रजी कवायतीची धून काढत आणि संध्याकाळी वरातीत, कळा अर्ध्याच दाबून, कल्याणी राग असा आळवत की नादस्वरवाले, आमच्याकडचे सनईवाले, मान वळवून बघत. पुढे तेच घेऊन अप्पा कोडंबाक्कमला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले. मी आणि धाकटा भाऊ एकोजी त्यावरच शिकलो.

१९७१ साली अप्पा गेले. आमच्यात वाटणी म्हणजे काटेकोर निम्मी, कोणाच्या मनात सल राहू नये म्हणून. चुलत्यांनी झोपाळ्याची फळी मला दिली, साखळ्या एकोजीला. समया एकेक. कॉर्नेट एकच होते. त्यांनी ओठ लावायचा चांदीचा माउथपीस उपटून एकोजीच्या हातात ठेवला, उरलेले मला दिले आणि म्हणाले, "झाला न्याय!"

दुसरा माउथपीस त्या जुन्या नळीत बसत नाही, हवा गळते. मी म्हटले, "एकोजी, दे इकडे." तो म्हणाला, "अण्णा, तुम्हीच द्या ना. मी धाकटा." मग बोलणे वाढले. "मग नळीतून वारा ऐकत बसा." "तू शिट्टी वाजवत बस." ते शेवटचे धड बोलणे. पुढे कितीतरी वर्षे रेकॉर्डिंगला शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही ट्रम्पेट वाजवले, एकाच दमात, एकाच सुरात, आणि एकमेकांकडे न बघता. मग कीबोर्ड आला, एका बोटात सगळे पितळ. खुर्च्याही गेल्या.

माझी पत्नी राजसबाई जाताना म्हणाली होती, "मला पोचवायला अप्पांचं कॉर्नेट वाजू दे, मग तुम्ही दोघं भांडा." एकोजी आला. रस्त्यापलीकडे उभा राहिला, हात सदऱ्याच्या खिशात. कॉर्नेट माझ्या काखेत होते. भाड्याचा बँड वाजत राहिला आणि तिला घेऊन गेला.

मागच्या महिन्यात जॉर्ज टाउनला एकोजीच्या घरी फोन केला. एकोजीची बायको हेमावती बोलली, "दात गेले हो त्यांचे, अण्णा. आता सूर कुठला? पण रोज आंघोळ झाली की ती चांदी पुसून खिशात घालतात."

म्हणून, पितळेचे हे सर्व अंग, कळा व फडक्यासह, एकोजीला. अट नाही. श्रीवत्सने ते विकू नये, काचेच्या कपाटात ठेवू नये, स्वतः नेऊन द्यावे आणि "चित्तप्पा", म्हणजे धाकटे काका, म्हणून पाया पडावे.

४. मला नेताना बँड लावू नये. आमच्या घराण्यात मयताला वाद्याचे तोंड जमिनीकडे धरून वाजवतात. एकोजीने तसे धरावे, आपली चांदी आपल्या हाताने बसवावी आणि एकदा फुंकावे. दात नाहीत, सूर लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. नुसती हवा आली तरी चालेल. ती अप्पांच्या नळीतून पुरी बाहेर येईपर्यंत मला उचलू नये.

५. साक्षीला एकोजीच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची सही साक्षीला चालत नाही. बरे. तेवढी जागा सोडून या कागदात बाकी सगळीकडे तोच आहे.

हे मी स्वतः लिहिले, वाचले, आणि पुढील दोघांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) तुळजाजीराव

साक्षीदार:
(सही) वेंकट, शेजारी, वरचा मजला
(सही) डॉ. विद्यालक्ष्मी, अड्यार

वेलचेरी, चेन्नई
१२ मार्च २००६