दोन वाजताची शिरियल

दीप्ती,

मी सालेकसा गावाले रीनाच्या घरी जाऊन राहिली. लेकीचं घर आहे, कोनाले विचारायची गरज नाही.

काल दुपारी शेजारच्या बाया जमवून तू टीव्हीपुढे बसली होती. "माह्या सासूपरीस ही शिरियलमधली सासू परवडली," असं तू म्हनली अन् साऱ्या खिदळल्या. मी मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. बहिरी नाही झाली अजून.

कोनती सासू वो? जरीचं लुगडं नेसून झोपते ते? तिचा मेलेला नवरा दोनदा जिता झाला, पन पाच वर्षांत त्या घरात कोनी भात नाही शिजवला. अन् तुम्ही डोळे पुसता! शेजारच्या सुमनबाईच्या टीव्हीवर आम्ही जुन्या शिरियली पाहत होतो, त्यातली सासू भांडे तरी घासत होती.

तुही ते शिरियलमधली सासू मरेपर्यंत कमरेची चाबी सोडनार नाही. धानाच्या कोठीची चाबी मी भिंतीतल्या दिवळीत ठेवली, आता तूच सांभाळ. हे बी सांगजो त्या बायांले.

शेळीले पानी पाज. संघदीपच्या भाजीत तिखट कमी टाक, माह्या लेकाले सोसत नाही.

मले न्यायले यायचं असन तर दुपारी दोनलेच ये. तुही शिरियल तेव्हाच लागते, मले माहीत आहे.

तुही सासू